मास्तरांची दहा बोटं

सोम., ५ जाने.

मयूरीचा फोन. नेमका पोहे फोडणीला टाकले तेव्हा. कॅनडात रात्र, म्हणजे ती निवांत आणि मी घाईत. आमचे दोघांचेही व्हिसाचे फॉर्म गेले म्हणाली, फी भरली, आता फक्त बोटांचे ठसे द्यायला प्रत्यक्ष जायचं. कुठे, तर अहमदाबादला. "दहा मिनिटांचं काम आहे आई." दहा मिनिटांच्या कामाला जाऊन-येऊन आठ तास गाडी. बोटं माझी, ती मी इथे सुरतेत डिंडोलीत बसून दिली तर कोणाचं काय जातं? पोहे तळाला लागले ते लागलेच.

मयूरीला डॉक्टरिणीने मार्चची १८ दिलीय. मला फेब्रु. संपायच्या आत तिथे पोचायचंय. पहिलं बाळंतपण माहेरचं, ती येऊ शकत नाही तर माहेराने जायचं, इतकं साधं आहे. आणि मागच्या वर्षीचं पुन्हा होऊ द्यायचं नाही. पाचव्या महिन्यात तिचं गेलं तेव्हा जावई कामासाठी दुसऱ्या गावी, ती दवाखान्यात एकटी, आणि मी इथे. पासपोर्ट होता, व्हिसा नव्हता. व्हिसा का नव्हता, तर मास्तरांना मिलमधून सुट्टी नव्हती आणि मी एकटी जाणार नव्हते. तीन दिवस ती फोनवर "मी ठीक आहे" म्हणत होती. एवढंच लिहिते, जास्त लिहिवत नाही.

मास्तरांना ठशांचं सांगितलं. "हूं."

शाळेत एकतीस वर्षं शिकवलं मी, म्युनिसिपालिटीच्या मराठी शाळेत, आणि सगळी सोसायटी मास्तर म्हणते ह्यांना. का, तर डाईंग मिलचे कलर मास्तर. मी नुसती बेन. आता मीही वहीत मास्तरच लिहिते, नवऱ्याचं नाव लिहिण्यापेक्षा सोपं पडतं.

शुक्र., ९ जाने.

अपॉ. मिळाली. सोम. १९, दुपारी १२. दोघांची एकाच वेळी. गाडी पहाटे उधन्याहून.

मयूरीने सूचना वाचून दाखवल्या. तीनदा. हात स्वच्छ हवेत, मेंदी नको, बोटांना जखम नको. "पप्पांना पतंगाच्या मांज्याला हात लावू देऊ नकोस." पप्पा आयुष्यात पतंगाच्या वाटेला गेलेले नाहीत. पप्पांचं दुखणं वेगळं आहे, ते मी तिला सांगितलं नाही.

दिवाळीला रिटायर झाले. सचिन गावच्या त्या मिलमध्ये छत्तीस वर्षं. पण रिटायर म्हणजे काय ते ना ह्यांना कळलंय ना शेठला. कापडाच्या रंगाची शेड बिघडली की शेठचा फोन. नवा मास्तर कॉम्प्युटरवर बघतो, ह्यांचं सगळं बोटांवर. रंगाची पेस्ट जाड की पातळ, तर चिमटीत धरून. कापडातला कॉस्टिक, म्हणजे कातडी जाळणारा सोडा, धुऊन निघाला की नाही, तर ओलं कापड बोटांत चोळून, बुळबुळीत लागलं तर नाही निघाला. हातमोजे घाला म्हटलं की म्हणतात मोज्याला काय कळतंय. लग्नात ह्यांचे हळद लावलेले हात पाहिले तेव्हा नखांच्या कडा निळ्या होत्या. माझ्या आईने घाबरून विचारलं होतं, मुलाला काही आजार आहे का.

म्हणून आज समोर बसवून सांगितलं. १९ तारखेपर्यंत मिलचं तोंड बघायचं नाही. कबूल? "कबूल." अगदी शाळेतल्या पोरासारखं, नजर खाली घालून. तिथेच मला कळायला हवं होतं.

बुध., १४ जाने.

उत्तरायण. सकाळी सहापासून गच्च्यांवर स्पीकर. तीन गच्च्या, तीन गाणी, एकाचं धड कळत नाही. बाजूच्या बिल्डिंगमधून उंधियू आला, तेल नुसतं वर तरंगत होतं. मास्तरांनी वाटी पुसून खाल्लं.

दुपारी ह्यांचा फोन वाजला, हे आंघोळीला. शेठ. मीच घेतला. मास्तर अमळनेरला गेलेत म्हणून सांगितलं, आठवडाभर येणार नाहीत. सणासुदीला खोटं बोलले. शेठ बिचारा म्हणाला, "कोई वांधो नहीं बेन, हॅपी उत्तरायण."

मास्तर बाहेर आले, कोणाचा फोन. म्हटलं, राँग नंबर. हेही खोटं. पण अपराधी वाटलं नाही.

शनि., १७ जाने.

उद्याचा एक दिवस मध्ये. फाइल तयार. पासपोर्ट, ठशांसाठी आलेलं पत्र, अपॉ.चा कागद, आधार, पेन्शनचं पुस्तक, लग्नाचं सर्टिफिकेट, मयूरीचं आमंत्रणाचं पत्र, जावयाच्या पगाराचे कागद, सगळ्याच्या तीन-तीन झेरॉक्स. मयूरी म्हणते पासपोर्ट आणि दोन कागद पुरेत. तिला कचेऱ्यांचा अनुभव नाही.

चार ते सात हळदीकुंकवाला. सहा घरं. वाण म्हणून गाळणं मिळालं. या महिन्यातलं चौथं. सगळ्या बायका विचारत होत्या, कॅनडाला किती थंडी, तिकडे डिंक मिळतो का, मेथ्या नेऊ देतात का. एकजण म्हणाली, मास्तर बरोबर आहेत म्हणून बरं, एकटीने कसं झालं असतं. मीही म्हटलं, हो ना.

घरी आले तर मास्तर साडेसातलाच पांघरूण घेऊन. थंडी वाजते म्हणे. सुरतेत, पंखा चालू असताना. कपाळ पाहिलं, ताप नाही. खिचडी चमच्याने खाल्ली. जन्मात चमचा न धरलेला माणूस. म्हटलं, कॅनडाची तयारी सुरू झाली वाटतं. हसले नाहीत.

सोम., १९ जाने. (गाडीत, सकाळी)

अक्षर हलतंय. गाडी चाळीस मिनिटं उशिरा सुटली. दोघांच्या सीट वेगवेगळ्या डब्यात दिल्या होत्या, एका बाईंना विनवून शेजारी बसलो. मास्तर स्वेटर, त्यावर जाकीट, उजवा हात जाकिटाच्या खिशात. म्हटलं, चहा धरा. डाव्या हाताने धरला.

झोपल्यासारखं करताहेत. झोपलेले नाहीत, मला झोपेतला श्वास ओळखू येतो. भडोच आलं.

(त्याच दिवशी, परतीच्या गाडीत)

लिहायलाच हवं, नाहीतर मोठ्याने बोलेन आणि डबाभर लोक ऐकतील.

स्टेशनपासून रिक्षावाल्याने आधी चुकीच्या बिल्डिंगला नेलं. बरोबर बिल्डिंग पुलाच्या पलीकडे. पोचलो तेव्हा पावणेबारा. दारावर गार्ड: बॅग आत नाही. मोबाइल बंद. डबा नाही, पाण्याची बाटली नाही. कळण्याच्या भाकरी, ठेचा, संत्री, सगळं समोरच्या पानवाल्याकडे ठेवलं. तो हाच धंदा करतो, मागे बॅगांची थप्पी होती, पान कोणी खाताना दिसलं नाही.

आत टोकन. टोकन घ्यायला रांग, टोकन घेतल्यावर रांग, रांगेतून खुर्चीवर, खुर्चीवरून परत रांगेत. माझी फाइल काउंटरवरच्या मुलाने उघडलीसुद्धा नाही. दोन कागद काढून घेतले, बाकी माझ्या हातात परत दिले. मयूरीचं खरं निघालं याचा जास्त राग आला.

दीड वाजता नंबर. आधी मी. काचेवर उजवी चार बोटं, डावी चार, मग दोन्ही अंगठे. हिरवा दिवा, हिरवा, हिरवा. मशीनवरची मुलगी म्हणाली, "आंटी के तो एकदम क्लियर आए." मला उगाच परीक्षा पास झाल्यासारखं वाटलं. मागे वळून मास्तरांना म्हटलं, या, काही नाही, नुसतं दाबायचं.

मास्तर उभे. हात खिशात.

मुलगी म्हणाली, "अंकल, राइट हँड." मास्तरांनी डावा पुढे केला. ती म्हणाली, राइट. मग काढला.

चारही बोटांची टोकं पांढरी, फुगलेली, कातडी सुटून कडेला गोळा झालेली. तर्जनीवर तर खालचं लाल दिसत होतं. वर मलम चोपडलेलं, त्याला जाकिटाच्या आतला कापूस चिकटलेला. 

मुलीला काहीच वाटलं नाही. "पतंग? उत्तरायण के बाद रोज आते हैं ऐसे." आणि मास्तर, माझ्यादेखत, माझ्याकडे न बघता, "हां" म्हणाले. आयुष्यभर मांज्याची चक्री न धरलेला माणूस. मांज्याने बोट कापतं, उकडत नाही. एकतीस वर्षं पोरांची कापलेली बोटं बांधलीत मी, मला कळतं. हे कॉस्टिक. हे मिल. हे शनिवारी चार ते सात.

डाव्या हाताची बोटं आली. उजव्याची तीनदा लाल दिवा. कापूस ओला करून पुसलं, मास्तरांनी ओठ आवळले, परत लाल. मुलीने आतून साहेबांना बोलावलं. साहेब चांगला होता, अंकल-अंकल म्हणत होता, पण नियम तो नियम. जखम भरल्यावर या. पुढची तारीख ९ फेब्रु. त्याच दिवशी ह्यांच्या ठशांच्या पत्राची मुदत संपते. त्याआधीची तारीख मागितली तर म्हणाला, त्याआधी कातडी येणार आहे का?

माझे ठसे गेले. ह्यांचे नाही. एका फाइलमधून दोन वाटा झाल्या.

बाहेर येऊन पानवाल्याकडून बॅग घेतली, फुटपाथवर उभं राहून भाकरी खाल्ली. मी मोडून दिली नाही. ह्यांना डाव्या हाताने मोडेना. शेवटी मोडून दिली. 

गाडीत बडोद्यापर्यंत मी खिडकीकडे तोंड. ह्यांनी डाव्या हाताने आणि दातांनी संत्रं सोललं, फोडी माझ्या मांडीवर रुमालावर ठेवल्या. मी खाल्ल्या नाहीत. अंकलेश्वरला खाल्ल्या, भूक लागली होती म्हणून.

मंगळ., २० जाने.

अबोला.

दुपारी शेठचा फोन, माझ्या मोबाइलवर. अमळनेरची चौकशी केली नाही, म्हणजे माझं खोटं त्याला कळलंय. शनिवारी मोठा लॉट अडकला होता म्हणे, कापड सारखं परत येत होतं, मास्तरांनी हात घातला आणि एका मिनिटात सांगितलं, धुलाईत कॉस्टिक राहतोय. "बेन, माणस नथी, मशीन छे." मी म्हटलं, मशीनला ते माणूस आहेत हे काल पटत नव्हतं. त्याला काही कळलं नाही. मिठाई पाठवतो म्हणाला. म्हटलं, नको.

मयूरीला सांगायचं कसं? सांगितलं. ती ओरडली नाही. त्यापेक्षा ओरडली असती तर बरं. "बरं आई. मग काय करायचं?" त्या "मग काय करायचं"मध्ये मागचं सगळं वर्ष होतं.

शुक्र., २३ जाने.

अबोला मीच मोडला. मला झेपत नाही, चार दिवस म्हणजे फार झाले. पण गोड बोलून नाही मोडला. बोटांना कोरफडीचा गर लावत होते, लावता लावता सगळं काढलं. शब्द दिला होतात. पोरीची एवढी वेळ, आणि तुम्हाला शेठचं कापड. मागच्या वर्षी तिचं झालं तेव्हाही तुम्ही मिलमध्येच होतात, दुसरी पाळी केलीत, मी ते विसरलेले नाही. मास्तर ऐकत होते. हात माझ्या हातात, त्यामुळे उठून जाता येत नव्हतं.

मग मला जे खरं खुपत होतं ते विचारलं. शनिवारी भाजलं. रविवारचा अख्खा दिवस होता. बोलला का नाहीत? काय होणार ते माहीत असताना चार तास खिशात हात घालून अहमदाबादला कशाला आलात?

 मग आमच्या अहिराणीत, हळू:

"तुले सांगतू ते तू घरमाईन निंघतीच नही."

सांगितलं असतं तर तू घराबाहेर पडलीच नसतीस.

मी म्हणणार होते, का नसते निघाले, नक्की निघाले असते.  पण नसतेच निघाले. तारीख पुढे ढकलली असती, दोघं मिळून जाऊ म्हटलं असतं, हळदीकुंकवाच्या बायकांना तेच तर सांगून आले होते. मागच्या वर्षी तेच केलं होतं. मिलची सुट्टी मिळत नव्हती हे खरं, पण मला तर कोणी अडवलं नव्हतं. हे मी आजवर वहीतसुद्धा नीट लिहिलेलं नाही. लिहिते आता.

म्हणजे हा माणूस माझे ठसे जाईपर्यंत हात लपवून बसला. आणि ठसे घेतल्यावरही हात आपणहून काढला नाही, ती मुलगी म्हणाली तेव्हा काढला.

राग गेलेला नाही. मिलमध्ये जाऊन भाजलं तो राग तसाच आहे. पण कोरफड जरा हलक्या हाताने लावली.

बुध., २८ जाने.

जखमा भरताहेत. रोज सकाळी खिडकीपाशी उजेडात बोटं बघते, वह्या तपासल्यासारखी. करंगळी पास. अनामिका काठावर. मधलं बोट नापास, नवी कातडी आलीय पण गुळगुळीत, एक रेघ नाही. मास्तर म्हणतात त्याच्यावर आधीही नव्हती, छत्तीस वर्षं पेस्ट त्याच बोटाने बघितली. मग मशीन काय वाचणार? "वाचेल काहीतरी."

शेठने मिठाई पाठवलीच. डबा मी वॉचमनला दिला.

मंगळ., ३ फेब्रु.

ईमेल आला. माझा पासपोर्ट मागवलाय. मयूरी म्हणते म्हणजे माझा व्हिसा झालाच, शिक्का मारायला हवाय. नेऊन द्यायचा अहमदाबादलाच. ९ तारखेला ह्यांच्याबरोबर जाणारच आहे, तेव्हा देते. ठसे, मग पासपोर्ट द्यायला, मग परत घ्यायला. अहमदाबादला एक खोली घ्यावी असं वाटायला लागलंय.

आनंद व्हायला हवा होता. झाला, पाच मिनिटं. मग प्रवास आठवला. विमान मध्ये एकदा बदलायचं. एवढ्या मोठ्या विमानतळावर मी कोणाला काय विचारणार? इंग्रजी वाचता येतं, समजतं, बोलायची वेळ आली की त-त-प-प. चौथीच्या पोरांना मीच शिकवलं इंग्रजी. देवा.

मास्तरांनी ईमेल दोनदा वाचायला लावला. मग चष्मा काढून पुसला आणि दूध आणायला गेले. दूध घरात होतं.

शुक्र., ६ फेब्रु.

मयूरीचा व्हिडिओ कॉल. चेहरा सुजलेला. बी.पी. वाढलंय. डॉक्टरीण म्हणते १८ मार्चची वाट बघणार नाही, पहिल्या आठवड्यातच करावं लागेल कदाचित. जावई मागे उभा, हसरा चेहरा करून. पोर हसली नाही. म्हणाली, "आई, तुला कधी जमेल ते सांग, म्हणजे मी तिकीट बघते. दोघांचं बघू की..." 

मी म्हटलं, संध्याकाळी सांगते. संध्याकाळी सांगितलं नाही.

गणित सरळ आहे. ह्यांचे ठसे ९ ला गेले, एका झटक्यात गेले असं धरलं, तरी व्हिसा यायला तीन आठवडे, वर पासपोर्टची फेरी. मार्चचा दुसरा आठवडा. तोवर तिकडे सगळं होऊन गेलेलं असेल. चौथीतलं पोरसुद्धा सोडवेल. मी फोन ठेवल्यापासून वजाबाकी करतेय आणि उत्तर बदलत नाही.

जेवताना मास्तरांना विचारलं. सरळच. तुम्हाला यायचं तरी आहे का? की बोटं भाजली ते बरंच झालं?

हे मी बोलायला नको होतं. ह्यांचा घास हातात राहिला. मग म्हणाले, "तठे माले काय काम शे?" तिथे मला काय काम आहे. चिडून नाही म्हणाले, खरंच विचारत होते. बर्फात कुठे जाणार, कोणाशी बोलणार, बाळंतिणीच्या घरात पुरुषाने काय करायचं. मी म्हटलं, नात नाहीतर नातू मांडीवर घ्यायचा. तर आपल्या बोटांकडे बघत बसले. या बोटांनी?

 एवढी वर्षं मी त्या हातांवर वैतागतेय, निळी नखं, टॉवेलला डाग, उशीला डाग. त्यांनाही त्यांची लाज वाटत असेल हे माझ्या कधी डोक्यातच आलं नाही.

ताट उचलताना म्हणाले, "एकली जाय. पोर एकली शे तठे. मनी वाट देखू नको." एकटी जा, माझी वाट बघू नको.

"आणि तुम्ही?"

"मी ऱ्हासू."

राहतील म्हणे. चहाला दूध आधी की पाणी आधी हे माहीत नसलेला माणूस.

पण त्यांचं अर्धंच मला पटतं. मी थांबायचं नाही हे कबूल. ह्यांनी कायमचं इथे राहायचं हे कबूल नाही. मी गेले की हे दुसऱ्या दिवशी मिलमध्ये असतील आणि तिसऱ्या दिवशी बोटं परत भाजलेली असतील. मग नातवंड फोनवरच बघायचं, जन्मभर.

रवि., ८ फेब्रु.

दुपारी मास्तर दाढी-कटिंगला गेले. मोठी रांग असते रविवारी, तास तरी जातो. मयूरीला फोन लावला. तिकडे पहाट, तरी लगेच उचलला, जागीच होती.

म्हटलं, तिकीट काढ. २४ तारखेचं. तोवर पासपोर्ट हातात येईल म्हणतेस ना? एक काढ.

"एक?"

"एक."

 "आणि पप्पा?"

पप्पा मागून, असं म्हटलं. आवाज बऱ्यापैकी ठीक होता. ती म्हणाली, आई, तू एकटी येशील? नक्की? मी म्हटलं, येईन. रडायला लागली. मग मीही. फोनवर रडण्याचे पैसे हल्ली पडत नाहीत, नाहीतर दोघींनी आवरतं घेतलं असतं. पंधरा मिनिटांत तिकीट व्हॉट्सॲपवर. माझं नाव, इंग्रजीत, आणि खाली दुसरं नाव नाही.

तिला ताकीद दिलीय. पप्पांना इतक्यात सांगायचं नाही.

कारण सांगितलं तर मला माहीत आहे काय होईल. तिकीट निघालं ना, मग मी उद्या कशाला येऊ, तू पासपोर्ट देऊन ये, असं म्हणतील, आणि खाटेवर बसतील ते बसतील. उद्या मुदतीचा शेवटचा दिवस. मशीनने दहाही बोटं घेतली, हिरवा दिवा लागला, की मग सांगणार. घेतली नाहीत तर... ते उद्या बघू.

मधल्या बोटावर आज सकाळी उजेडात काहीतरी दिसलं. रेघ असेल, सुरकुती असेल. खोबरेल लावून ठेवलंय.

संध्याकाळी स्वतःहून जाकीट काढून दारामागे अडकवलं, फाइल बॅगेत भरली. माझी झेरॉक्सची थप्पी त्यातून काढून ठेवली, फक्त दोन कागद घेतले. शेठचा फोन आला तो मी ऐकला, म्हणाले, कल नहीं, कल अमदावाद. परवाचं काही बोलले नाहीत.

पहाटे उधन्याहून गाडी. या वेळी सीट शेजारीशेजारी मिळाल्यात. जाताना चार तास, येताना चार तास. मला पोटात काही ठेवता येत नाही, आणि ते त्यांना माहीत आहे.